इंजेक्टर तीनदा साफ केला, तरी गाडी मिसिंग मारतेय: घरी धुवायचा की मिस्त्रीकडे द्यायचा?

कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली की स्टिअरिंग थरथरायला लागायचं. आधी एवढंच होतं. मग आरशातली मागची बस हलताना दिसायला लागली. मग बायकोनं विचारलं, "हिला थंडी वाजतेय काय?" आणि एक दिवस निपाणीला सासुरवाडीला जाताना हायवेवर ओव्हरटेक करायला पाय दाबला, तर गाडी पुढं जायच्या ऐवजी दोन झटके देऊन गप्प बसली. मागून ट्रक. त्या दिवशी मात्र घाम फुटला.

गाडी २०१२ ची, पेट्रोलवरची, तीन सिलिंडर, मल्टिपॉइंट इंजेक्शन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर. सेकंडहँड घेतलेली. राजारामपुरीत घर आणि लक्ष्मीपुरीत दुकान, त्यामुळे दिवसातनं चार-पाच फेऱ्या आणि प्रत्येक फेरी दोन-अडीच किलोमीटरची. दीड वर्षात हा आजार तीन वेळा उलटला. दर वेळी निदान एकच, "इंजेक्टर चोक झालाय." दर वेळी इंजेक्टर साफ, काही आठवडे आराम, की पुन्हा तेच रडगाणं.

तुमचीही गाडी असंच करत असेल तर माझा खर्च आणि माझा मूर्खपणा दोन्ही उपयोगी पडतील. मला जे कळलं ते आधीच सांगून टाकतो. इंजेक्टर घरी धुता येतो. पण तो धुतला गेला का, हे घरी कळत नाही. मिस्त्रीला पैसे द्यायचे ते धुण्याचे नाहीत, मोजण्याचे.

इंजेक्टर चोक होतो म्हणजे काय होतं

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारा बारीक नळ. वरून रेलमधलं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीतलं, पेट्रोल सुमारे तीन बार दाबानं येतं. गाडीच्या टायरात ३२ पीएसआय हवा असते असं धरा, तर रेलमध्ये पेट्रोल साधारण ४४ वर असतं. आत तारेचं वेटोळं असतं. ईसीयूनं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं, त्याला वीज दिली की सुई किंचित उचलली जाते आणि खालच्या चकतीतल्या केसाएवढ्या भोकांतून पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर बसतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि पाय मोकळा असताना, इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर हा नळ मिनिटाला चारशे वेळा उघडतो आणि दर वेळी फक्त दोन-तीन मिलिसेकंद उघडा राहतो. एवढ्या बारीक कामात थोडा कचराही पुरतो.

कचरा दोन तऱ्हेचा असतो, आणि हाच फरक मला दीड वर्ष कळला नव्हता.

पहिला खालचा. गाडी गरम असताना बंद केली की रेलमधून पेट्रोल वाहायचं थांबतं, पण इंजिनची धग तशीच असते. नळाच्या टोकाला राहिलेला थेंब वाळतो आणि त्यातले जड घटक वार्निशसारखे चिकटून बसतात. दुधाच्या पातेल्याला साय धरते तसं. माझ्यासारख्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याच्या गाडीत हे दिवसातनं पाच वेळा होतं. पुण्याला जाऊन येणाऱ्याच्या गाडीत दिवसातनं दोनदा.

दुसरा वरचा. इंजेक्टरच्या तोंडाशी, पेट्रोल आत शिरतं तिथं, टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडी मोठी एक जाळी असते. टाकीतला गंज, माती, रबराचा चुरा, जे काही फिल्टर चुकवून आलं ते इथं अडकतं. वार्निश औषधानं विरघळतं. रबराचा चुरा कशानंच विरघळत नाही.

पाना हातात घ्यायच्या आधी

मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट न पेटणं, दिसलं की इंजेक्टरच, असं समजून चालू नका. खराब प्लग, प्लगला ठिणगी देणारी मेलेली कॉइल, काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी (इंजिनच्या हवेची झडप), फुटका व्हॅक्यूम पाइप, थकलेला पेट्रोल पंप, पेट्रोलमधलं पाणी, सगळ्यांचं लक्षण सिग्नलला सारखंच दिसतं. पुढच्या तपासण्या घरी होतात आणि त्यांना जवळजवळ काही खर्च नाही. मी त्या सगळ्यात शेवटी केल्या. तुम्ही आधी करा.

इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका इंजेक्टरच्या अंगावर टेकवा आणि मूठ कानाच्या हाडाला लावा. पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात, ओढणी, टाय लांब. प्रत्येक इंजेक्टर शिलाई मशिनसारखा टिकटिक करतो. एखादा गप्प असेल तर बहुधा तो चोक नाही, त्याला वीज पोचत नाही किंवा त्याच्या आतलं वेटोळं गेलंय. तिथं धुऊन उपयोग नाही.

इंजिन बंद करून इंजेक्टरचं वायरचं सॉकेट काढा आणि दोन पिनांमध्ये मल्टिमीटरनं रोध बघा. अशा गाड्यांत साधारण ११ ते १६ ओहम येतो. आकड्यापेक्षा तिघांचा आकडा सारखा येतोय का हे महत्त्वाचं. दोघं १२ आणि तिसरा २० दाखवत असेल तर तो बदलायचाच आहे.

मग आयडलला एकेका इंजेक्टरचं सॉकेट क्षणभर काढून बघा. ज्याचं सॉकेट काढल्यावर इंजिन आणखी लंगडतं तो सिलिंडर काम करतोय. काढूनही काही फरक पडला नाही तर दोषी तोच. जुने लोक यासाठी प्लगची वायर ओढायचे. आता ते करू नका. कॉइल काढली तर न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा डबा भाजून निघतो. इंजेक्टरचं सॉकेट काढलं की पेट्रोलच बंद, धोका नाही. चेक इंजिनचा दिवा मात्र लागेल, तो नंतर पुसता येतो.

दोषी सिलिंडर सापडला की त्याची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करा. मिसिंग कॉइलबरोबर शेजारी गेलं तर कॉइल खराब. जागच्या जागी राहिलं तर प्लगचीही अशीच अदलाबदल करा. तरीही तिथंच राहिलं तरच इंजेक्टरकडं बोट दाखवायचं.

प्लग काढलाच आहे तर त्याचा रंगही बघा. माझ्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरचा प्लग पांढरा फटक आणि पहिला-दुसरा काळपट होता. त्याचं कारण मजेशीर आहे. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर तिन्ही सिलिंडरांचा धूर एकत्र हुंगतो. तिसऱ्याला पेट्रोल कमी पडलं की धुरात हवा जास्त निघते, ईसीयूला वाटतं सगळ्यांनाच कमी पडतंय, म्हणून तो तिघांनाही वाढवून देतो. एक उपाशी म्हणून बाकीच्या दोघांना बळंच दोन घास जादा. ॲव्हरेज का घसरतं ते इथं कळतं.

ईसीयूतले कोड वाचणारा, मोबाइलला ब्लूटूथनं जोडायचा ओबीडी डोंगल असेल तर आणखी सोपं. पी ०३०१, पी ०३०२, पी ०३०३ हे कोड म्हणजे अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. पण कोडपेक्षा 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' हा आकडा बघायची सवय लावा. ईसीयूनं ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागतंय, तो हा आकडा. आयडलला खूप जास्त आणि २५०० आरपीएमला नेल्यावर उतरत असेल तर कुठून तरी चोरवाटेनं हवा शिरतेय, पाइप बघा. उलट वेग आणि चढ वाढेल तसा आकडा वाढत असेल तर पेट्रोलच कमी येतंय: पंप, फिल्टर, नाहीतर इंजेक्टर. माझा आकडा आयडलला अधिक ११ होता आणि हायवेला अधिक १८.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल मिळतं. इथेनॉल जाळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते आणि त्यात ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच. म्हणून जुन्या गाडीत ट्रिम थोडी अधिक दिसणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की ई-१० वर जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर अंदाजे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल आणि तशा दुचाकींचं ३ ते ४ टक्क्यांनी. तेव्हा १८ चं ॲव्हरेज १७ वर आलं म्हणून इंजेक्टर सोलायला बसू नका. माझं १७ वरून १३ वर आलं होतं, ती वेगळी गोष्ट.

पहिली फेरी: बाटली

टाकीत ओतायचं इंजेक्टर क्लीनर, साडेचारशे रुपये. यातली पॉलिइथरअमाइन असलेली औषधं वार्निशवर खरंच काम करतात. फक्त बाटलीवर तो शब्द बघून घ्या, नाहीतर रंगीत रॉकेलासारखं काहीतरी गळ्यात पडतं. टाकी भरून घेतली, औषध ओतलं आणि निपाणीला दोन फेऱ्या झाल्या. थरथर कमी झाली. सहा आठवडे मजेत गेले.

आता मागं वळून बघताना वाटतं, अर्धं श्रेय बाटलीचं आणि अर्धं निपाणीचं. गाडीला बऱ्याच दिवसांनी मोकळं पळायला मिळालं होतं.

वर्षातून एखादी बाटली, लांबच्या प्रवासाला निघताना. त्यापेक्षा जास्त ओतून काही होत नाही.

दुसरी फेरी: गॅरेज

एका गॅरेजमध्ये १८०० रुपयांत 'इंजेक्टर क्लीनिंग' करून घेतलं. माझी समजूत अशी की इंजेक्टर बाहेर काढून धुणार. तसं काही नसतं. पेट्रोल पंप बंद करतात, रेलला बाहेरून औषधाची दाबाची बाटली जोडतात आणि त्याच औषधावर इंजिन वीस-पंचवीस मिनिटं चालवतात. पद्धत चुकीची नाही. बाटलीतलं औषध टाकीभर पेट्रोलात पातळ होतं, हे तसंच घट्ट जातं. पण कुठला इंजेक्टर किती सोडत होता आणि आता किती सोडतोय, हे यातही कुणी मोजत नाही. त्यांनी सोबत थ्रॉटल बॉडीही पुसली, त्यामुळं आयडल लगेच सुधारलं आणि मला वाटलं काम झालं. दोन महिन्यांनी पुन्हा कावळा नाका, पुन्हा थरथर.

गॅरेजला एकच प्रश्न विचारा: "इंजेक्टर बाहेर काढणार का, आणि आधीचं-नंतरचं मोजमाप दाखवणार का?" उत्तर 'नाही' असेल तर तुम्ही महागडी बाटली विकत घेताय, एवढं समजून घ्या. घ्यायलाही हरकत नाही, पण समजून.

तिसरी फेरी: मी स्वतः

इथं जरा थांबतो, कारण करायची हौस सगळ्यांना असते आणि मोबाइलवर बघून ते सोपंही वाटतं.

काढायची रीत अशी. इंजिन थंड पाहिजे. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायचा, गाडी चालू करून आपोआप बंद पडू द्यायची, मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारायचा म्हणजे रेलमधला दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. इंजेक्टरच्या बुडाभोवती साचलेली माती आधी हवेनं उडवायची, नाहीतर इंजेक्टर निघताच ती सरळ इंजिनात. सॉकेट काढायचे, रेलचे बोल्ट सोडायचे आणि रेल इंजेक्टरांसकट सरळ वर ओढायची. थोडं पेट्रोल सांडतंच, खाली जाड फडकं ठेवायचं. प्रत्येक इंजेक्टरवर मार्करनं नंबर टाकायचा. ज्याचा त्यालाच परत.

मग साफसफाई. कार्ब्युरेटर क्लीनरच्या स्प्रेची नळी रबरी पाइपच्या तुकड्यानं इंजेक्टरच्या तोंडाला बांधायची, पिनांना दोन वायरी लावायच्या आणि नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला टकटक टेकवत स्प्रे सोडायचा. इंजेक्टरच्या आतल्या कॉइलला सलग वीज देऊन ठेवली तर ती जळते. तिला फक्त निमिषभर वीज खायची सवय आहे, आणि एरवी तिच्या आतून वाहणारं पेट्रोलच तिला गार ठेवतं.

मी काय केलं? नऊ व्होल्टची बॅटरी आणायचा कंटाळा केला आणि गाडीचीच बॅटरी काढून शेजारी ठेवली. पोर्चमध्ये, कारण बाहेर ऊन होतं. स्प्रेचा धूर आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीवर पसरून राहते. वायर बॅटरीला टेकली, नेहमीची ती छोटी ठिणगी उडाली आणि खालच्या फडक्यानं निळी ज्योत धरली. शेजारी बांधकामाची वाळू पडली होती म्हणून निभावलं. आईनं घमेलंभर वाळू फडक्यावर ओतली आणि उरलेली बहुतेक माझ्यावर ओतायचा विचार होता. "एवढे पैसे वाचवून काय करणार हाईस?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तेव्हा करायचंच असेल तर उघड्यावर करा, देवघराची समई आणि गॅस गिझर असलेल्या भिंतीपासून लांब, बॅटरी हातभर अंतरावर आणि मध्ये बटण. पावडरचं अग्निशामक जवळ. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. भोकांत टाचणी, तार, ब्रशचा केस यातलं काहीही घालू नका. ती भोकं लेझरनं पाडलेली असल्यासारखी नेमकी असतात, एकदा ओरखडा गेला की फवारा कायमचा वाकडा.

दुसरी चूक ओ-रिंगची, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कडीची. प्रत्येक इंजेक्टरला दोन असतात, वरची पेट्रोल अडवते आणि खालची हवा. मी जुन्याच बसवल्या, त्याही कोरड्या. एक चिमटली आणि गाडी चालू केल्यावर रेलखाली पेट्रोलचा ओघळ. नशिबानं इंजिन थंड होतं. नवीन ओ-रिंगांना २४० रुपये पडले असते. ओ-रिंग नवीनच घ्या, बसवताना इंजिन ऑइलचं बोट फिरवा, पंपाचा फ्यूज आणि बॅटरी लावा आणि इंजिन चालू करायच्या आधी किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा म्हणजे पंप रेल भरतो. मग टॉर्च मारून गळती बघा. गळती नाही याची खात्री झाली की मगच सेल्फ.

आणि एवढं करून काय झालं? तिन्ही इंजेक्टरांचा फवारा डोळ्यांना झक्क दिसत होता. छत्रीसारखा. मी स्वतःवर खूश. तीन आठवड्यांनी तिसरा सिलिंडर परत लंगडला.

चौथी फेरी: उद्यमनगर

शिवाजी उद्यमनगरात लेथ, फाउंड्री, पंप, डिझेलची कामं पिढ्यान्‌पिढ्या चालतात. तिथं एका गाळ्यात इंजेक्टर टेस्टिंगचं बाकडं आहे असं कळलं. वयस्कर मिस्त्री, सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी तीन इंजेक्टर पिशवीत घेऊन गेलो. त्यांनी आधी माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि म्हणाले, "बाटली वतलासा, गॅरेजात दिलासा, घरात जाळ केलासा. आता एकदा मोजू तरी या की."

बाकड्यावर तिन्ही इंजेक्टर एका रेलमध्ये बसवले, खाली काचेच्या तीन उभ्या नळ्या. पंधरा सेकंद सारख्याच टकटकीनं सोडलं. पहिल्यात ४८ मिली, दुसऱ्यात ४७, तिसऱ्यात ३६. पाव भाग कमी. आणि फवारा तिघांचाही छत्रीसारखाच. चाळीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसालासुद्धा डोळ्यांनी ३६ आणि ४८ ओळखू येत नाही, हे त्यांनीच सांगितलं. मग वीज न देता नुसत्या दाबावर ठेवून थेंब गळतो का बघितलं. गळत नव्हता.

नंतर तिसरा उलटा करून त्यांनी स्क्रूनं ती इवलीशी जाळी ओढून काढली आणि पांढऱ्या कागदावर आपटली. काळा चुरा पडला. बोटांत चोळला तर चिकट.

"ह्यो कचरा हितला न्हवं. वरनं येतोय. आणि हे रबर हाय."

आता कळलं की दीड वर्ष मी काय करत होतो. बाटली खालचं वार्निश काढत होती, म्हणून बरं वाटायचं. वरच्या जाळीतलं रबर तसंच राहायचं. घरी मी स्प्रे मारला तो तोंडाकडूनच, म्हणजे चुरा जाळीत आणखी ठासून बसवला. बाकड्यावर औषध खालून वर उलटं सोडतात, ते घरी स्प्रेच्या नळीनं मला जमलं नव्हतं.

जाळ्या नवीन, ओ-रिंगा नवीन, ध्वनिलहरींनी धुणाऱ्या अल्ट्रासोनिकच्या टबात अर्धा तास आणि पुन्हा मोजणी: ४८, ४८, ४७. तिघांचे मिळून १५०० रुपये. पावतीच्या मागं दोन्ही वेळचे आकडे लिहून दिले. मला त्या पावतीत १५०० रुपये परत मिळाल्यासारखं वाटलं.

पण रबर आलं कुठनं?

तिथंच थांबलो असतो तर दोन महिन्यांनी पाचवी फेरी नक्की होती. मामांनी सांगितलं, "फिल्टर टाकीत हाय. फिल्टरच्या म्होरं काय काय रबर हाय ते बघा."

या गाडीत पंप आणि फिल्टर दोन्ही टाकीच्या आत एकाच डब्यात. तिथून पुढं गाडीखालून पक्का पाइप येतो आणि इंजिनपाशी एक वीतभर रबरी होज रेलला जोडतो. फिल्टरनंतर रबर म्हणजे तेवढंच. वाकून बघितलं तर त्या होजवर एक अक्षर छापलेलं नाही. कंपनीचा होज नव्हताच. आधीच्या मालकाच्या वेळी उंदरानं कुरतडला असणार आणि कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून साधा पाइप आणून जुबली क्लिपा आवळल्या असणार. काढून चिरला तर आतला थर शेणासारखा मऊ. बोट घातलं, काळं निघालं.

इथेनॉल साध्या रबराला फुगवतं आणि सोलून काढतं. ई-१० ला तो पाइप कसाबसा तग धरून असेल, ई-२० ला त्यानं हात टेकले. गंमत बघा, आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आणि आमचीच गाडी. सीझनला शिरोलीजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागं अर्धा तास आयडलला थरथरत उभं राहायचं, ते ज्याच्यामुळं तोच ऊस समोर हलत चाललेला. इथेनॉलला शिव्या मात्र देणार नाही, चूक पाइपची. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत रबर आणि सील ई-२० ला टिकतील असे येतात. त्याआधीच्या गाडीत, विशेषतः सेकंडहँड, इंजिनपाशी कुणी बदललेला रबरी तुकडा आहे का हे आधी बघा. नवीन घेताना नुसतं 'पेट्रोल पाइप' मागू नका, तो कार्ब्युरेटरच्या काळातला, जेमतेम दाबाचा मिळतो. इंजेक्शनचा होज मागा, त्यावर 'एसएई जे३० आर९' असं छापलेलं असतं, आणि क्लिपा गुळगुळीत कडेच्या. शक्य असेल तर कंपनीचाच घ्या. मला सहाशे पडले.

गोळाबेरीज: बाटली ४५०, गॅरेज १८००, घरचा प्रयोग स्प्रे-फडकी धरून ६००, उद्यमनगर १५००, होज ६००. यातले शेवटचे २१०० कामाचे.

मग कधी घरी, कधी मिस्त्री

तपासणी घरी, बाटली घरी, थ्रॉटल बॉडी पुसणं, प्लग, एअर फिल्टर घरी. हाताला सवय असेल तर इंजेक्टर काढणं आणि बसवणंही घरी, त्यात मजुरी वाचते. धुणं मात्र बाकड्यावर, कारण तिथं आकडा मिळतो.

बहुतेक बीएस-६ दुचाकींना, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, एकच इंजेक्टर असतो आणि तो काढणं सोपं. एकच असल्यामुळं शेजाऱ्याशी तुलना नाही, म्हणून बाकड्यावर नव्या इंजेक्टरशी ताडून बघायला सांगा. पावसाळ्यात दुचाकी अचानक झटके द्यायला लागली तर इंजेक्टरच्या आधी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जास्त झालं की दोन्ही मिळून वेगळे होऊन तळाला बसतात. बाटलीत रेघ दिसली तर टाकी रिकामी करा. २०१९ च्या महापुरात बुडालेल्या गाड्या नंतर बाजारात फिरल्या, त्या घेतलेल्यांनी तर हे आधी करावं.

डिझेल कॉमन रेलला हात लावू नका. तिथं तीन बार नाही, सोळाशे बार आणि त्याहूनही वर. गळती बोटानं चाचपली तर डिझेल कातडी फोडून आत शिरतं. बाहेर नुसता टाचणीएवढा डाग दिसतो आणि आत मांस सडतं. असं झालं तर दुखो न दुखो, सरळ दवाखान्यात. शिवाय बऱ्याच डिझेल इंजेक्टरांवर कोड असतो. बदलला किंवा जागा बदलली तर तो ईसीयूत भरावा लागतो. हे काम बाकड्याचं आणि स्कॅनरचं.

होज बदलून आता चौदा महिने झाले. दुकानाच्या फेऱ्या तशाच आहेत, पण रविवारी गाडी पन्हाळ्याला नाहीतर हायवेला अर्धा तास मोकळी पळवतो, आणि टाकी पावपेक्षा खाली जाऊ देत नाही. परवा डोंगल लावून बघितला. कावळा नाक्याला उभा असताना ट्रिम अधिक ४. निपाणीच्या वाटेवर चढ चढताना अधिक ५. ॲव्हरेज १६. बायको म्हणाली, "आज एसी बंद आहे काय, गाडी हलत नाहीये."